भिंतीत पडून असलेल्या टीव्हीच्या केबलवरून घरभर वायरचं इंटरनेट

आमच्या फ्लॅटमध्ये फायबरचा डबा हॉलमध्ये, दाराशेजारी. मी काम करतो ती खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. मधे स्वयंपाकघर, टाइल्स लावलेल्या बाथरूमच्या दोन भिंती आणि एक काँक्रीटचा कॉलम. हॉलमध्ये मोबाइलवर तीनशेचा वेग दिसायचा, त्या खोलीत वीस-पंचवीस. नुसता वेग कमी असता तर चाललं असतं, पण मीटिंगमध्ये आवाज तुटायचा, समोरचा माणूस बोलता बोलता थिजायचा. रिपीटर लावून पाहिला, मग मेशही (घरभर ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे) घेतलं. दोन्ही हवेतूनच बोलतात, त्यामुळे तीच भिंत त्यांनाही आडवी आली.

उपाय त्याच खोलीत, टेबलामागच्या स्विचबोर्डवर होता: टीव्हीचं गोल सॉकेट. बिल्डरने प्रत्येक खोलीत एक टीव्ही पॉइंट दिला होता आणि टीव्ही मात्र कायम हॉलमध्येच राहिला. त्या सॉकेटमागची केबल इतकी वर्षं कोणी वापरलीच नव्हती. आज माझं काम तिच्यावर चालतं, आणि घरातल्या घरात फाइल पाठवताना नऊशे एमबीपीएसच्या वर वेग मिळतो. भिंत फोडली नाही, पट्टी मारली नाही, रंगाला धक्का लागला नाही.

हे काम थोडं हात चालवणाऱ्या कोणालाही जमेल. फक्त क्रम पाळा. बहुतेक लोक आधी यंत्र, म्हणजे या केबलवरून इंटरनेट नेणारा डबा, मागवतात आणि ते आल्यावर केबल शोधायला लागतात. पैसे सगळ्यात शेवटी खर्च करायचे. आधी केबल शोधायची, मग तपासायची, मग जोडायची.

भिंतीत नेमकं काय आहे ते बघा

मेन स्विच बंद करा आणि सॉकेटची प्लेट स्क्रूड्रायव्हरने अलगद काढा. मेन बंद करायचं कारण असं की टीव्हीचा पॉइंट बऱ्याचदा विजेच्या स्विचांच्या शेजारी त्याच पेटीत असतो. मागे पांढरी किंवा काळी गोल केबल दिसेल. तिच्या अंगावरची छपाई टॉर्च लावून वाचा. 'आरजी ६' आणि '७५ ओहम' असं लिहिलेलं असेल तर काम झालं. ही केबल साधारण ७ मिलिमीटर जाड असते. जुन्या इमारतींत 'आरजी ५९' सापडते, ती थोडी बारीक. घरातल्या अंतराला तीही बहुतेक वेळा चालून जाते, वेग मात्र कमी मिळू शकतो. सीसीटीव्हीसाठी वापरतात ती 'थ्री प्लस वन' केबल निघाली, तर तिच्यावर वेळ घालवू नका. तिच्यातला कोॲक्स (मधे तार आणि भोवती जाळी असलेली अशी गोल केबल) फार बारीक असतो आणि जाळी विरळ.

केबलचं टोक ताजं कापून आत बघा. मधे लोखंडावर तांब्याचा मुलामा दिलेली कडक तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर चंदेरी फॉइल, मग बारीक तारांची जाळी आणि वर प्लास्टिक. जाळी चकचकीत असेल तर केबल निरोगी. ती काळी पडली असेल किंवा हिरवट पूड दिसली, तर पाणी शिरलेलं आहे. गच्चीवरचं टोक उघडं राहिलं की पावसाळ्यात पाणी जाळीतून झिरपत खाली येतं. अशा वेळी टोक हात-दीड हात मागे कापून पुन्हा बघा. स्वच्छ जाळी मिळेपर्यंत मागे जाता आलं तर ठीक, नाहीतर ती केबल सोडून द्या.

केबल कुठून कुठे जाते

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि इथे कंटाळा करून चालत नाही. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये मला तीन तऱ्हा दिसल्या आहेत.

पहिली तऱ्हा सोपी. सगळ्या खोल्यांच्या केबल घरातच एका ठिकाणी येतात: दारावरच्या पेटीत, माळ्यावर, किंवा फॉल्स सीलिंगच्या कोपऱ्यात.

दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक खोलीची केबल वेगवेगळी बाहेर डक्टमध्ये जाते आणि तिथून वर गच्चीवर, कारण बिल्डरने डिशच्या छत्रीचा विचार केलेला असतो. म्हणजे हॉलची आणि बेडरूमची केबल घरात कुठे भेटतच नाही. घाबरू नका. डक्टमध्ये तुमच्या मजल्यापाशी दोन्ही केबल हाताशी असतात. सोसायटीला सांगून, त्या तुमच्याच आहेत याची खात्री करून, तिथेच कापायच्या आणि घराकडची दोन टोकं एकमेकांना जोडायची. गच्चीकडे जाणारा भाग मोकळा झाला की एक मोठा फायदा होतो: वीज कडाडली तर गच्चीवरून तुमच्या राउटरपर्यंत यायला तारेची वाट राहत नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे माळ. एकच केबल हॉलच्या पॉइंटवरून बेडरूमला, तिथून पुढच्या खोलीला. यात सॉकेटच्या मागे दोन केबल येतात आणि सॉकेटच्या आत छोटं सर्किट असतं, जे टीव्हीपुरता सिग्नल काढून बाकीचा पुढे ढकलतं. ते आपल्या कामाचं नाही, ते काढून टाकायचं.

कुठलं टोक कुठलं, हे ओळखायला मल्टिमीटर लागतो. बाजारात तीन-चारशे रुपयांतला चालेल. आधी केबलची दोन्ही टोकं सगळ्यापासून सोडवा. छत्रीला जोडलेल्या केबलमध्ये सेट-टॉप बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवत असतो, त्यामुळे चालू बॉक्सला जोडलेल्या केबलला हात घालू नका. मग मीटर बझरवर ठेवून एक काडी मधल्या तारेला आणि दुसरी जाळीला लावा. आवाज येता कामा नये. आला तर कुठेतरी तार आणि जाळी चिकटली आहे. बहुधा टोकालाच जाळीचा एखादा केस मधल्या तारेला लागलेला असतो. आता दुसऱ्या खोलीत जाऊन त्या टोकाला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा दाबून बसवा, म्हणजे तार आणि जाळी मुद्दाम जोडली जाईल. परत येऊन पुन्हा तपासा. ज्या केबलवर आता बझर वाजेल ती त्या खोलीची. लगेच तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहा. चार केबल पांढऱ्या असतील तर दहा मिनिटांत विसरायला होतं.

इथे एकदा थांबा: केबल हलते का?

यंत्र मागवायच्या आधी एक प्रयोग करा. एकाने बेडरूममध्ये केबल हळू ओढायची, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला नजर ठेवायची. टोक सरकलं तर तुमचं नशीब जोरावर आहे. आपल्याकडे केबल बहुधा पीव्हीसीच्या पाइपमधून नेलेली असते. कॅट ६, म्हणजे नेहमीच्या लॅनच्या केबलची जाडी साधारण ६ मिलिमीटर, म्हणजे आरजी ६ पेक्षा थोडी कमीच. जुनी केबल ओढून तिच्या शेपटीला नवी कॅट ६ आणि सोबत एक नायलॉनची दोरी बांधून आत घेता येते. बांधताना टोकं एकावर एक फुगवू नका. मागेपुढे ठेवून इन्सुलेशन टेपने निमुळतं करा. टाल्कम पावडर लावत जा. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं, झटका द्यायचा नाही. शुद्ध तांब्याचीच कॅट ६ घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. आणि त्याच पाइपातून विजेच्या वायरी जात असतील तर हा बेत सोडा.

कॅट ६ आत गेली, तर या लेखाचा पुढचा भाग तुम्हाला लागणारच नाही. ती स्वस्त आहे, तिला यंत्र लागत नाही. पण आमच्याकडे केबल दोन बोटं सरकली आणि वळणावर अडकली. जोर लावला असता तर तुटून आहे तेही गेलं असतं. अशा घरांसाठी पुढचं.

कोॲक्सवरून इंटरनेट जातं कसं

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम केलं, त्यांना आठवत असेल: तेव्हा नेटवर्क अशाच गोल केबलवर चालायचं. टी आकाराचे जोड, दोन्ही टोकांना टर्मिनेटर (मोकळं टोक बंद करणारं बूच) आणि सगळ्यांत मिळून १० एमबीपीएस. ती केबल ५० ओहमची, टीव्हीची ७५ ओहमची. तेव्हापासून याच जातीच्या केबलवर कितीतरी जास्त माहिती पाठवण्याचं तंत्र तयार झालं. त्यातलं घरांसाठी सगळ्यात रुळलेलं म्हणजे मोका. मल्टिमीडिया ओव्हर कोॲक्स अलायन्स या २००४ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने ते ठरवलं, आणि तिच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. सध्या घ्यायची ती आवृत्ती मोका २.५. तिची कमाल क्षमता २.५ जीबीपीएस, आणि ती त्या केबलवरच्या सगळ्या यंत्रांत वाटली जाते. एका जाळ्यात १६ यंत्रं बसतात, घराला दोन-तीन पुरतात.

यंत्र म्हणजे तळहाताएवढा डबा: एका बाजूला कोॲक्सचं तोंड, एका बाजूला लॅनचं, आणि विजेचा छोटा ॲडॅप्टर. एक राउटरपाशी, दुसरा लांबच्या खोलीत. दोन्ही टोकांना वीज लागतेच, तेव्हा जवळ प्लग आहे का बघा. इन्व्हर्टर असेल तर दोन्ही प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत, नाहीतर लाइट गेल्यावर राउटर चालू आणि ही साखळी बंद असं होईल.

इंटरनेटवर कोॲक्स ते लॅन असे शे-दोनशे रुपयांचे, वीज न लागणारे कन्व्हर्टर दिसतात. ते सीसीटीव्हीच्या चित्रासाठी असतात. त्यांनी इंटरनेट येणार नाही, घेऊ नका. सीसीटीव्हीच्या दुकानात 'इथरनेट ओव्हर कोॲक्स' नावाचे वीज लागणारे डबेही मिळतात. ते खरोखर चालतात, पण बहुतेकांचं लॅनचं तोंड १०० एमबीपीएसचं असतं आणि कोॲक्सचं तोंड बीएनसी प्रकारचं, म्हणजे वेगळा जोड लागतो. ज्यांचा प्लॅनच पन्नास-शंभरचा आहे, त्यांनी याचा जरूर विचार करावा.

मोकाचे डबे मुख्यतः अमेरिकेच्या बाजारासाठी बनतात. गोकोॲक्स, स्क्रीनबीम, हिट्रॉन ही त्यातली नावं. आपल्याकडे ते बाहेरून मागवावे लागतात किंवा येणाऱ्या नातेवाइकाला सांगावे लागतात. विजेच्या ॲडॅप्टरवर 'इनपुट १००–२४० व्होल्ट' लिहिलेलं आहे हे फोटोत वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. नुसतं १२० असेल तर आपल्या विजेवर तो पहिल्याच दिवशी जळेल.

त्याच केबलवर टीव्ही चालू असेल तर

कोॲक्समध्ये वेगवेगळे सिग्नल वेगवेगळ्या पट्ट्यांत एकत्र राहू शकतात, पण पट्टे एकमेकांवर यायला नकोत. केबल टीव्हीचे सिग्नल साधारण ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत असतात. मोकाचा पट्टा ११२५ ते १६७५. म्हणजे केबलवाल्याचा टीव्ही आणि मोका एका तारेवर सुखाने नांदतात. छत्रीवाल्या डीटीएचचं तसं नाही. छत्रीकडून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो, म्हणजे थेट मोकाच्या अंगावर, आणि वर त्या केबलमध्ये छत्रीसाठीची वीजही असते. डीटीएच चालू असलेल्या केबलवर मोका लावू नका. हॉलची केबल डीटीएचसाठी आणि बेडरूमची वेगळी मोकळी असेल, तर राउटरपाशी दुसरी मोकळी केबल पोचते का ते पाहा. पोचत नसेल तर दोन्हींपैकी एक निवडावं लागेल.

टोक नीट बनवा

मोकाचे जे प्रश्न माझ्यापर्यंत येतात, ते बहुतेक सगळे डब्यात नसतात, टोकात असतात. टीव्हीला चालून गेलेला ढिला जोड इतक्या उंच फ्रिक्वेन्सीला चालत नाही. आमच्या दारावरच्या पेटीत केबलची तार नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली होती. टीव्ही त्यावर वर्षानुवर्षं दिसला असता. मोकाची मात्र दोन यंत्रं एकमेकांना ओळखायलाच तयार नव्हती.

टोकाला एफ कनेक्टर, म्हणजे टीव्हीच्या केबलला असतो तो नटाचा जोड, बसवायचा. दाबून बसणारा, म्हणजे कॉम्प्रेशनचा, सगळ्यात चांगला. त्याला हातातलं एक यंत्र लागतं. ते नसेल तर पिळून बसवायचा घ्या, पण आरजी ६ च्या मापाचाच. वरचं प्लास्टिक टोकापासून १२-१३ मिलिमीटर काढा. जाळी मागे उलटवून केबलच्या अंगावर सारखी पसरा. एकही केस पुढे राहता कामा नये. मग पुढचा ६-७ मिलिमीटर फोम फॉइलसकट कापून मधली तार उघडी करा. ब्लेड तारेवर टेकवून ओरखडू नका, तांब्याचा मुलामा निघाला तर आतलं लोखंड गंजतं. तारेवर फोमचा पातळ पापुद्रा चिकटून राहतो, तो नखाने खरवडून काढा. आता कनेक्टर घालून फिरवत आत ढकला. समोरून आत पाहिलं तर पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट टेकलेला दिसला पाहिजे आणि तार काठाच्या एक-दोन मिलिमीटर बाहेर. फोम आत खोल राहिला असेल तर पुन्हा काढून करा. माझे पहिले तीन वाया गेले, तेव्हा दहा-बारा कनेक्टर आणून ठेवा, महाग नसतात.

कनेक्टर बसल्यावर मल्टिमीटरने पुन्हा एकदा शॉर्ट तपासा. नट हाताने घट्ट करून वर पान्याने अगदी थोडा पीळ द्या.

दोनच खोल्या जोडायच्या असतील तर मधे फक्त एफ जॉइनर (दोन एफ कनेक्टर जोडणारा तुकडा) लावा, स्प्लिटर (एका केबलच्या अनेक वाटा करणारा डबा) नको. प्रत्येक स्प्लिटर सिग्नल खातो: दोन वाटांचा साधारण साडेतीन डेसिबल, चार वाटांचा सात. तीन खोल्या असतील तर स्प्लिटर लागेलच. त्यावर '५–१६७५ मेगाहर्ट्झ' लिहिलेलं हवं. केबलवाल्याकडचे नेहमीचे १००० पर्यंतचे असतात. एखादी वाट मोकळी राहिली तर तिथे ७५ ओहमचा टर्मिनेटर लावा. जुना टीव्हीचा ॲम्प्लिफायर साखळीत असेल तर तो काढा, तो मोकाला आडवा येतो.

जोडणी आणि तपासणी

डबे आल्यावर थेट भिंतीला लावू नका. आधी टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून एक मीटरच्या कोॲक्सने जोडा, एकाला राउटरची लॅन केबल, दुसऱ्याला लॅपटॉप. दोन्हींवरचा कोॲक्सचा दिवा लागला आणि लॅपटॉपवर इंटरनेट आलं, म्हणजे यंत्रं चांगली आहेत. मग ती आपापल्या जागी न्या. आता दिवा लागला नाही तर दोष नक्की भिंतीत आहे, आणि तो टोकांपासून शोधायला सुरुवात करायची.

बऱ्याच डब्यांना ब्राउझरमधून उघडायचं स्वतःचं पान असतं. तिथे दोन यंत्रांमधला जोडणीचा वेग दिसतो. मोका २.५ मध्ये हा आकडा ३५०० एमबीपीएसच्या आसपास असेल तर जोडणी उत्तम आहे (हा कच्चा वेग असतो, म्हणून २.५ जीबीपीएसपेक्षा जास्त दिसतो). तो अर्ध्यावर आला तर एखादा जोड पुन्हा करा. खरा वेग मोजायला आयपर्फ३ हा मोफत प्रोग्राम एका लॅपटॉपवर सर्व्हर आणि दुसऱ्यावर क्लायंट म्हणून चालवा. इंटरनेटचा स्पीडटेस्ट तुमच्या प्लॅनचा आकडा दाखवतो, केबलचा नाही. राउटरला पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, ३ ते ५ मिलिसेकंदांचा येईल. कॅट ६ पेक्षा हा जास्त आहे, पण मुख्य म्हणजे तो स्थिर राहतो.

त्याच पानावर मोकाचा पासवर्ड बदला. केबल डक्टमधून कुठे कुठे फिरली आहे हे आपल्याला कायम माहीत नसतं, आणि शेजारच्यांनीही मोका लावलं तर दोन घरांची जाळी एक व्हायला नको.

लांबच्या खोलीत मोबाइललाही चांगलं वायफाय हवं असेल तर जुना राउटर तिथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसता वायफाय देणारा डबा, म्हणून लावा. त्याचं डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि मोकाची लॅन केबल त्याच्या लॅनच्या तोंडात घाला.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाला हेच सांगताना लक्षात आलं, की तिकडे काम सोपंही आहे आणि दोन ठिकाणी वेगळंही. तिकडच्या लाकडी घरांत बहुतेक खोल्यांत कोॲक्स असतोच आणि सगळ्या केबल तळघरात किंवा गॅरेजमध्ये एका स्प्लिटरवर येतात. केबल आतून लाकडाला ठोकलेली असते, त्यामुळे ओढून बदलण्याचा प्रयत्न करू नका. तिथे इंटरनेटच कोॲक्सने येत असेल तर केबल घरात शिरते तिथे, पहिल्या स्प्लिटरच्या आधी, पॉइंट ऑफ एंट्री फिल्टर लावायलाच हवा. तो मोकाचा सिग्नल रस्त्याकडे जाऊ देत नाही. मॉडेम डॉक्सिस ३.१ (कोॲक्सने इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांचं तंत्र) चा असेल तर त्याच्याही तोंडाशी एक फिल्टर लावा, कारण त्याचा वरचा पट्टा मोकाच्या खालच्या पट्ट्यात शिरतो. व्हेरायझन फायॉस या तिकडच्या फायबर सेवेसारख्या काही कंपन्यांच्या राउटरमध्ये मोका आतच असतं. मग एकच डबा विकत घ्यावा लागतो.

सगळं चालू झाल्यावर प्लेट परत बसवण्याआधी एक काम उरतं. केबलच्या प्रत्येक टोकावर, जॉइनरवर आणि डक्टमधल्या जोडावर पक्क्या शाईने फ्लॅटचा नंबर आणि 'इंटरनेट, कापू नका' असं लिहा. डक्टमध्ये काम करायला येणाऱ्या माणसाला ती वापरात नसलेली टीव्हीची जुनी केबलच दिसते, आणि जागा करायला तो पहिला कटर तिच्यावरच चालवतो.